डॉक्टरकी सोडून कलेक्टर कशाला?

उत्रोली हे भोरला अगदी लागून असलेलं गाव. तिथल्या एका ओळखीच्या बाईंची मुलगी डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात त्या भेटल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हटलं, "काय झालं? पोरगी तर आता डॉक्टर होणार!" तशा त्या म्हणाल्या, "आवं ताई, तेच तर. आता म्हणतीया, दवाखाना नाय टाकायचा, कलेक्टरची परीक्षा द्यायची. शेत गहाण टाकून शिकवलं ते काय फायलींवर सह्या करायला? नाडी बघणारा हात आपला, त्यो कागदावर कशाला खर्ची घालायचा?"

प्रश्न रास्त आहे. त्यात या भागाचा अनुभवही आहे. पावसाळ्यात भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणूस डोलीतून खाली आणावा लागतो, हे तिथल्या बायकांनी पाहिलेलं असतं. जिथे डॉक्टरची वाट पाहण्यात रात्री जातात, तिथल्या आईला डॉक्टर झालेली लेक कचेरीत बसणार म्हटल्यावर वाईट वाटणारच.

त्या बाईंना उत्तर द्यायला माझ्याकडे उपदेश नव्हता. एका माणसाची हकिगत होती, ती सांगितली. तीच आज इथे देते आहे. ही हकिगत आहे डॉ. राजेंद्र भारूड यांची. पण ती सुरू होते त्यांच्या आईपासून.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात सामोडे नावाचं गाव आहे. तिथे एका भिल्ल कुटुंबात १९८८ च्या जानेवारीत राजेंद्र जन्मले. मूल पोटात असतानाच वडील गेले. घरात आधीच दोन लेकरं, एक मुलगा आणि एक मुलगी. उसाच्या पाचटानं शाकारलेली झोपडी. कमावणारं कुणी नाही, जमिनीचा तुकडा नाही. आईनं आणि आजीनं मिळून मोहाची दारू गाळून विकायला सुरुवात केली. दिवसाला शंभरेक रुपये सुटायचे. त्यातच पीठमीठ, त्यातच औषधपाणी आणि त्यातच दुसऱ्या दिवशीच्या दारूचा मालही.

आपल्यापैकी अनेकींना हे वाचताना कसंसंच होईल. दारूच्या नावानं आपण बायका बोटं मोडतो, आणि बरोबरच करतो. पण मोह हे आदिवासी घरातलं नुसतं दारूचं झाड नव्हे. त्याची फुलं वाळवून ठेवतात, उपाशी दिवसांत शिजवून खातात, बियांचं तेल काढतात. हाताशी तेवढं एकच झाड असलेल्या विधवेनं त्यातून चूल पेटती ठेवली, तर तिला नावं ठेवण्याआधी आपण आपला भरलेला डबा पाहावा, असं मला वाटतं.

भारूडांनी स्वतः अनेक मुलाखतींत आणि 'मी एक स्वप्न पाहिलं' या आपल्या पुस्तकात लहानपणाविषयी मोकळेपणानं सांगितलं आहे. पोर रडलं की दारू प्यायला बसलेल्या गिऱ्हाइकांचा विरस व्हायचा, म्हणून त्याच्या तोंडात दारूचे दोन थेंब घालायचे. दूध परवडायचं नाही, तेव्हा आजी चमचाभर दारू पाजून निजवायची. सर्दी-पडशावरही तेच औषध. पुढे ज्या मुलानं वैद्यकशास्त्राची पदवी घेतली, त्याच्या अंगावर पहिलं 'औषध' पडलं ते हे!

थोडा मोठा झाल्यावर तो झोपडीच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचा. गिऱ्हाइकं त्याला दाणे-फुटाणे आणायला पिटाळायची आणि वरचे चार पैसे हातावर ठेवायची. त्याच पैशांची तो वह्या-पुस्तकं घ्यायचा. असंच एकदा कुणी गिऱ्हाईक छद्मीपणानं म्हणालं, भिल्लाचं पोर शिकून काय करणार, दारूच विकणार. मुलानं हे आईला सांगितलं आणि आईनं मनाशी गाठ मारली की याला शिकवायचंच. ती स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. शिक्षण म्हणजे नेमकं काय, किती वर्षांचं, त्यातून काय होतं, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की पोराला आपल्या भट्टीपासून लांब न्यायचं आहे.

सामोड्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी पाचवीतच ओळखलं की हे पोर वेगळं आहे. त्यांनी आईला सांगितलं, याला नवोदयच्या परीक्षेला बसवा. मुलगा पास झाला. शाळा होती अक्कलकुव्याला, घरापासून दीडशे किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याशी. निघताना मायलेक एकमेकांचे हात धरून रडले, असं भारूड सांगतात.

जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८५-८६ पासून सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा. सहावीत प्रवेश मिळतो, त्यासाठी पाचवीत असतानाच परीक्षा द्यावी लागते. राहणं, जेवण, शिक्षण बहुतेक सरकारी खर्चानं. निदान पंच्याहत्तर टक्के जागा खेड्यातल्या मुलांना आणि एक तृतीयांश जागा मुलींना. आपल्या पुणे जिल्ह्याचं नवोदय शिरूर तालुक्यात शिक्रापूरला आहे. हे इथे मुद्दाम सांगते, कारण खेडोपाडी अजूनही अनेक आयांना पाचवीचं वर्ष उलटून गेल्यावर या परीक्षेचं कळतं, आणि मग काही करता येत नाही. घरात, शेजारीपाजारी पाचवीतलं हुशार पोर असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना किंवा बाईंना आजच विचारा.

अक्कलकुव्याला मुलाला पोटभर जेवण मिळालं, ग्रंथालय मिळालं, समजावून सांगणारे शिक्षक मिळाले. दहावी-बारावीत तो वर्गात अव्वल राहिला. २००६ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देऊन मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या कॉलेजात, त्याला जागा मिळाली. सुट्टीत घरी आला की तो आईला कामात मदत करी. आईचा धंदा तोवर चालूच होता. धाकटा शिकत होता ना, मग पैसे कुठून यायचे?

आता उत्रोलीच्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. इतक्या हालांतून मुलगा डॉक्टर झाला, तेही के. ई. एम.सारख्या ठिकाणी. तिथेच थांबला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. उलट गावाला एक डॉक्टर मिळाला असता. मग त्यानं वाट का बदलली?

भारूडांचं म्हणणं असं की लहानपणापासून डॉक्टर व्हायचं ते लोकांच्या उपयोगी पडण्यासाठी. पण पुढे त्यांच्या लक्षात आलं, की लोकांना मदत करायची तर त्यांना शिक्षण आणि संधी मिळायला हवी, आणि ते काम दवाखान्यात बसून होण्यासारखं नाही. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. अशक्त पोर दवाखान्यात आलं की डॉक्टर टॉनिक लिहून देतो. पण त्या पोराच्या घरी तूरडाळ का शिजत नाही, अंगणवाडीत आहार का पोचला नाही, वाडीला रस्ता का नाही, हे प्रश्न त्याच्या कागदावर बसत नाहीत. ते ज्याच्या टेबलावर असतात त्याला बहुधा रुग्णाची नाडी कधी पाहावी लागलेली नसते. या दोन टेबलांमध्ये केवढं अंतर असतं, हे दवाखान्याच्या रांगेत लेकरू कडेवर घेऊन उभ्या राहिलेल्या कुणाही बाईला विचारा.

डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचीही तयारी केली. एका बाजूला वॉर्डातली कामं, दुसऱ्या बाजूला इतिहास-राज्यघटना. पहिल्याच खेपेला निवड झाली, पण ती दुसऱ्या केंद्रीय सेवेत. ते थांबले नाहीत. पुन्हा परीक्षा दिली आणि २०१३ च्या तुकडीतून भारतीय प्रशासकीय सेवेत आले.

गंमत अशी की आईला या सगळ्याची काही कल्पनाच नव्हती. तिच्या लेखी मुलगा डॉक्टर होत होता. परीक्षेचा निकाल लागल्यावर मोठमोठी माणसं घरी अभिनंदनाला येऊ लागली, तेव्हा कुठे तिला कळलं की पोरानं आणखी काही तरी केलं आहे. कलेक्टर म्हणजे काय हे तिलाच काय, गावातही फारसं कुणाला माहीत नव्हतं. काही जण तर मुलगा 'कंडक्टर' झाला म्हणून अभिनंदन करून गेले! हा किस्सा भारूड हसत हसत सांगतात. आपणही हसतो. पण जिथे सरकारची ओळख एस. टी.च्या कंडक्टरपलीकडे पोचलेली नाही, त्या गावाच्या बाजूनं हा किस्सा ऐकला की हसू थोडं ओसरतं.

नोकरीची सुरुवात नांदेड जिल्ह्यात झाली. तिथे ते सहायक जिल्हाधिकारी आणि आदिवासी विकासाचे प्रकल्प अधिकारी होते. मग २०१७ पासून सोलापूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. तिथल्या कामात गावोगावच्या संडासांचा मोठा वाटा होता. हे काम बोलायला कुणाला आवडत नाही, वर्तमानपत्रात छापायला तर त्याहून नाही. पण पहाटेच्या अंधारात तांब्या घेऊन बाहेर जाणाऱ्या बाईला त्याचं मोल काय, ते वेगळं सांगायला नको.

खरी कसोटी पुढे होती, नंदुरबारला.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, एका बाजूला गुजरात, एका बाजूला मध्य प्रदेश. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास आणि त्यात दर दहांत जवळजवळ सात माणसं आदिवासी. अक्राणी आणि अक्कलकुवा या तालुक्यांच्या उत्तरेला नर्मदा, आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यानं तिथल्या कित्येक पाड्यांना पाण्यानं वेढलेलं. अशा पाड्यांसाठी नदीतून तरंगता दवाखाना फिरवावा लागतो. २०२० साली चिमलखेडीच्या एका अंगणवाडी सेविकेची बातमी सगळीकडे झळकली होती. टाळेबंदीत गरोदर बाया आणि लहान मुलं अंगणवाडीत येईनाशी झाली, म्हणून ही बाई स्वतः होडी वल्हवत नऊ-नऊ किलोमीटर त्यांच्याकडे जाऊ लागली. पोरांची वजनं घ्यायची, पोषण आहार द्यायचा आणि पुन्हा वल्हवत परत यायचं. संध्याकाळी तिचे हात काय दुखत असतील!

या जिल्ह्याचे कलेक्टर म्हणून भारूड आले आणि लवकरच करोनाची साथ आली. पहिली लाट ओसरली तेव्हा सगळीकडे सुटकेचा निःश्वास टाकला जात होता. ठिकठिकाणची करोना केंद्रं बंद होत होती. हा माणूस मात्र अमेरिका आणि ब्राझीलमधल्या बातम्या वाचत होता. तिथे रुग्णसंख्या पुन्हा उसळत होती. त्यांच्यातला डॉक्टर त्यांना सांगत होता की हा आजार फुफ्फुसांवर जातो, आणि फुफ्फुसं थकली की लागतो तो ऑक्सिजन. बाकी औषधं चार तास उशिरा आली तरी चालेल, ऑक्सिजन चार मिनिटंही उशिरा चालत नाही. आणि नंदुरबारसारख्या कोपऱ्यातल्या जिल्ह्याला अडचणीच्या वेळी टँकर कोण आधी पाठवणार?

म्हणून २०२० च्या सप्टेंबरात, कुणी मागणी करत नसताना, त्यांनी जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्रकल्प बसवला. २०२१ च्या एप्रिलपर्यंत असे तीन प्रकल्प झाले. मिळून मिनिटाला चोवीसशे लिटर ऑक्सिजन. पैसा जिल्हा नियोजनाचा, आपत्ती निवारणाचा आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीचा, असा तीन ठिकाणांहून गोळा केला.

हे यंत्र म्हणजे काही जादू नव्हे. आपल्या भोवतीच्या हवेत साधारण एक पंचमांश ऑक्सिजन असतो आणि बाकीचा बहुतेक नायट्रोजन. आपण पीठ चाळतो तेव्हा कोंडा वर राहतो आणि पीठ खाली येतं. तसंच इथे हवा दाबानं एका विशिष्ट खड्यांच्या थरातून सोडतात. नायट्रोजन त्या खड्यांना चिकटून राहतो आणि पुढे जातो तो जवळजवळ ९३ टक्के ऑक्सिजन. मग दाब कमी केला की खडे नायट्रोजन सोडून देतात आणि चाळण पुन्हा तयार. वीज आणि देखभाल एवढं मिळालं की झालं. टँकरची वाट पाहायला नको.

एप्रिल २०२१ मध्ये काय झालं, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडर शोधत रात्री-अपरात्री हिंडत होते. दिल्ली-मुंबईच्या बातम्या पाहून जेवण जात नव्हतं. नंदुरबारलाही दुसरी लाट जोरात आली होती. पहिल्या लाटेत दिवसाला जास्तीत जास्त १९० रुग्ण, ते दुसऱ्या लाटेत बाराशेपर्यंत गेले, असे आकडे भारूडांनीच तेव्हा सांगितले. पण ऑक्सिजनवाचून तडफडण्याची वेळ तिथे आली नाही. एप्रिलच्या अखेरीस तर दीडशे खाटा रिकाम्या होत्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतले, राज्याबाहेरचेही रुग्ण तिथे येत होते. ज्या जिल्ह्यातले रुग्ण एरवी सुरत-नाशिकचा रस्ता धरत, तिथे उलटी वाट सुरू झाली!

यातला मला सर्वांत आवडलेला भाग मात्र यंत्राचा नाही. तो आहे 'ऑक्सिजन नर्स'चा. वॉर्डात एका परिचारिकेनं फक्त ऑक्सिजनकडे लक्ष द्यायचं. ठराविक वेळानं प्रत्येक खाटेपाशी जाऊन बोटाला लावायच्या यंत्रावर पातळी पाहायची. रुग्णाला सहा लिटर पुरत असताना दहा लिटर चालू असेल तर कमी करायचा. मास्क नीट बसला आहे का, नळी कुठे गळते आहे का, रुग्ण जेवायला किंवा मोरीवर गेला असताना ऑक्सिजन तसाच सुटतो आहे का, हे बघायचं.

भगिनींनो, हे वाचून तुम्हाला काय आठवलं? मला तर आपला गॅस आठवला. सिलिंडर महिनाभर पुरवायचा म्हणून दूध उतू जायच्या आत आच बारीक करणारी, डाळ भिजवून मग कुकरला लावणारी, रेग्युलेटर रात्री बंद केला का ते झोपताना उठून बघणारी बाई घरोघरी आहे. तीच नजर वॉर्डात आणली, आणि तीही एका परिचारिकेच्या हाती दिली, तर किती जीव वाचतात ते नंदुरबारनं दाखवलं. पुढे राज्यातल्या इतर जिल्ह्यांनीही हा प्रयोग उचलला आणि मुख्यमंत्र्यांनीही नंदुरबारकडे पाहून ऑक्सिजनची सोय करायला सांगितलं.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर ही नुसतीच आरती होईल. कलेक्टर एकटा काही करत नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, पाड्यापाड्यावर लस घ्या म्हणून विनवणाऱ्या आशाताई, होडी वल्हवणारी अंगणवाडी सेविका यांच्याशिवाय ती तीन यंत्रं नुसती घरघरत राहिली असती. यांतल्या बहुतेक बायकांच्या हाती महिन्याला येणारं मानधन ऐकलं तर लाज वाटते. वर्तमानपत्रांनी त्या वर्षी कलेक्टरांचे फोटो भरभरून छापले. परिचारिकांचे मात्र फारसे दिसले नाहीत. आणि नंदुरबारचं दुखणं संपलं असंही नाही. कुपोषणाच्या बातम्या त्यानंतरही आल्या, बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून खांद्यावर न्यावं लागल्याच्याही आल्या. कलेक्टर दोन-तीन वर्षांत बदलून जातो. झोळी वाहणारे तिथेच राहतात.

उत्रोलीच्या बाईंनी इथवर शांतपणे ऐकून घेतलं आणि नेमकं बोट ठेवलं. म्हणाल्या, "पन समदेच कलेक्टर झाले तर सुई कोन देनार?" याचं उत्तर असं की सगळे होत नाहीत. होतात ते थोडेच. आपल्या महाराष्ट्रात या वाटेनं गेलेले आणखीही आहेत. नागपूरकडचे डॉ. श्रीकांत जिचकार हे डॉक्टर झाले, मग पोलीस सेवेत निवडले गेले, मग प्रशासकीय सेवेत, आणि तीही सोडून १९८० साली आमदार झाले. डॉ. श्रीकर परदेशी यांनी नांदेडला कलेक्टर असताना शाळांचे पट मोजले तेव्हा कागदावरची पोरं आणि बाकावरची पोरं यांत केवढी तफावत आहे ते उघडं पडलं, आणि २०११ साली साऱ्या राज्यात पटपडताळणी झाली. आधी मोजायचं, मग बोलायचं, ही सवय मला तरी दवाखान्यातली वाटते. ताप किती हे पाहिल्याशिवाय चांगला डॉक्टर औषध लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट त्या बाईंना मी स्पष्ट सांगितली. ही परीक्षा म्हणजे हमखास मिळणारं फळ नव्हे. लाखो मुलं बसतात, निवडली जातात ती हजाराच्या आसपास, आणि त्यांतही प्रशासकीय सेवेत दोनशेच्या आतबाहेर. पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन वर्षांमागून वर्षं घालवणारी मुलं-मुली आपण पाहतोच. डॉक्टर मुलीला एक सोय आहे. हातात पदवी आहे, नोंदणी आहे. नाही जमलं तर तिला गळ्यात पुन्हा स्टेथास्कोप अडकवता येतो. तेव्हा आईबापांनी पदवी आणि वर्षभराचं काम पुरं करायचा आग्रह जरूर धरावा, किती वेळा परीक्षा द्यायची हेही आधीच बोलून ठरवावं. पण लग्नाचं वय चाललं म्हणून मधेच दोर कापू नये. मुलाला पाच संधी आणि मुलीला एक, हा हिशेब आपल्या घरांत अजून चालतो. शेत गहाण टाकताना तो केलेला नसतो, मग आता कशाला?

त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. जरा वेळानं त्यांनी एवढंच विचारलं, "त्या मान्साची आई आता काय म्हनती?" मी म्हटलं, त्या माउलीनं दारू विकून मुलाला डॉक्टर केलं, कलेक्टर कशाशी खातात हेही तिला माहीत नव्हतं, तरी तिनं त्याला अडवलं नाही.

भारूड कलेक्टर म्हणून ज्या नंदुरबारला आले, त्याच जिल्ह्यात अक्कलकुव्याची ती नवोदय शाळा आहे. नंदुरबारहून २०२१ साली ते पुण्याला आले, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे आयुक्त म्हणून. आदिवासी समाजांचा अभ्यास करणारी ही संस्था पुण्यात क्वीन्स गार्डनजवळ आहे. तिथलं आदिवासी वस्तूंचं संग्रहालय पोराबाळांना घेऊन एकदा जरूर पाहा. वारली चित्रं आहेत, मुखवटे आहेत, बांबूच्या टोपल्या आणि पाखड्या आहेत, धान्याच्या कणग्या आहेत.